गाडी न काढता गाडीने : नंदुरबारहून नाशिकच्या द्राक्षमळ्यांत दोन दिवस

आजच्या विषयाची पाटी वाचून काहींनी दारातच विचारलं, सर, तत्त्वज्ञान संपलं वाटतं, आता सहली? संपलेलं नाही. उलट आज एका शब्दापासूनच सुरुवात करू या. तो शब्द म्हणजे 'गाडी'.

आमच्या लहानपणी खान्देशात 'गाडी' म्हटलं की दोनच अर्थ होते. शेतात असेल तर बैलगाडी, आणि गावात कुणी घाईत म्हणालं, 'गाडीची वेळ झाली', तर आगगाडी. तिसरा अर्थ नव्हता. आज 'गाडी आहे का?' असं विचारलं तर त्याचा अर्थ 'तुमच्या मालकीची मोटार आहे का?' इतकाच होतो. जी सगळ्यांची होती ती गाडी मागे पडली आणि जी एकेकाची आहे तिने शब्द बळकावला. भाषेत असं उगाच होत नाही. जगण्यात आधी काहीतरी बदललेलं असतं, शब्द त्याच्या मागून सरकतो. म्हणून आज आपण एक साधा प्रयोग समजून घेऊ. शनिवार-रविवार दोन दिवस मोकळे आहेत, दारातली मोटार दारातच ठेवायची, आणि आगगाडीने नाशिकला द्राक्षमळे आणि वाइनरी बघून यायचं. आम्ही दोघे, म्हणजे आम्ही आणि आमचं घरचं माणूस, गेली काही वर्षं हे करतो आहोत. त्यात काय हाती येतं, काय अडतं, आणि त्यात एक अवघड प्रश्न कुठे दडलेला आहे, एवढं सांगायचं आहे.

आता, वाइनच्या गावी रेल्वेने जाणं ही युरोपात नवलाची गोष्ट नाही. जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी रुडेसहाइम नावाचं गाव आहे. तिथे स्टेशनातून बाहेर पडलं की एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला डोंगरउतारावर द्राक्षवेली. माणूस चालत मळ्यात जातो, चालत परत येतो. आपल्याकडे मोटारीला बंदी असलेलं माथेरान आहे, पण तिथे द्राक्षं नाहीत. द्राक्षं नाशिकला आहेत, आणि नाशिकचं स्टेशन गावापासून लांब, मळ्यांपासून तर त्याहून लांब. म्हणजे आपला प्रयोग रुडेसहाइमइतका सोपा नाही, हे आधीच मान्य करू.

त्यात नकाशा काढून बसलात तर पहिलाच धक्का बसतो. नंदुरबारहून नाशिक सडकेने दोनशेच्या आसपास किलोमीटर. रेल्वेने जायचं तर आधी पूर्वेला दीडशे किलोमीटर जळगावला जायचं, तिथे गाडी बदलायची, आणि मग जवळजवळ सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर नैर्ऋत्येला नाशिकरोडपर्यंत परत यायचं. त्रिकोणाच्या एका बाजूऐवजी दोन बाजू चालण्यासारखं आहे हे. शाळेतल्या मुलालाही कळतं की दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते. मग शहाण्या माणसाने असं का करावं?

पहिलं कारण अगदी रोकडं आहे. वाइनरीत लोक काय करायला जातात? चाखायला. चाखून झाल्यावर मोटार कोण चालवणार? आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात मर्यादा सांगितली आहे, शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल. त्यापुढे गुन्हा, आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी कठोपनिषदातलं रथाचं रूपक तुम्हाला आठवत असेल. शरीर हा रथ, इंद्रियं हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी सारथी, आणि आत्मा मागे बसलेला रथी. वर्गात आम्ही हे तीसेक वर्षं शिकवलं. पण वाइनरीच्या वाहनतळावर एका रविवारी संध्याकाळी उभं राहिल्यावर त्याचा एक वेगळाच अर्थ डोळ्यांसमोर आला. वाइन घोड्यांना नंतर चढते, आधी सारथ्याला चढते. आणि सारथ्याला चढलेली आहे हे ठरवायचं कुणी? सारथ्यानेच! ही खरी गोम आहे. 'मला काही झालेलं नाही' हे वाक्य ज्या बुद्धीने बोलायचं तीच बुद्धी बिघडलेली असते. तर्कशास्त्रात याहून चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही. म्हणून निर्णय शुद्धीत असताना, शुक्रवारीच, घरी बसून घ्यायचा, की चाक हातात घ्यायचंच नाही.

दुसरं कारण वयाचं. सत्तरी उलटली की रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात. घाटात मागचा माणूस हॉर्न वाजवत राहतो. आपण रस्त्याकडे बघत असतो, रस्त्याच्या बाजूला काय आहे ते दिसतच नाही. आगगाडीत मात्र खिडकी हाच रस्ता.

आणि ही खिडकी साधी नाही बरं का. सुरत-जळगाव हा आपला मार्ग म्हणजे जुनी ताप्ती व्हॅली रेल्वे. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी ती बांधली गेली, खासगी कंपनीने, आणि किलिक निक्सन ही मुंबईची पेढी तिचा कारभार बघत असे. तापीच्या खोऱ्यातला कापूस बंदराकडे न्यायचा हा मूळ हेतू. माणसं नंतर. अलीकडे हा मार्ग दुहेरी झाला, विजेचा झाला, त्यामुळे पूर्वीसारखं क्रॉसिंगसाठी आडरानात तासभर थांबणं कमी झालं. आमच्या मित्रांपैकी काहींना त्या थांबण्याची आठवण येते. आम्हाला येत नाही.

याच मार्गावर पश्चिमेला आपलं नवापूर. त्या स्टेशनाच्या मधून महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते, तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावरचं एक बाकसुद्धा अर्धं इकडे, अर्धं तिकडे. गुजरातेत दारूबंदी आहे. म्हणजे तत्त्वतः बाकाच्या एका टोकाला जी वस्तू परवान्याने चालते ती दुसऱ्या टोकाला सरकली की गुन्हा. चांगलं-वाईट हे वस्तूत असतं की हद्दीत, हा प्रश्न विद्यार्थ्यांना समजावायला आम्ही हे बाक कितीदा वापरलं असेल! हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याला मात्र पूर्वेला जायचं आहे. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, आणि मग बोरी नदीच्या काठचं अंमळनेर. इथे आमचं पाऊल अडखळतंच. लोकांना अंमळनेर सखाराम महाराजांमुळे माहीत असतं, साने गुरुजींमुळे माहीत असतं. ज्यांना शेअर बाजाराचं वेड आहे त्यांना विप्रो कंपनी १९४५ मध्ये इथेच, वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने सुरू झाली हे माहीत असतं. पण १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांनी या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभारलं हे किती जणांना ठाऊक आहे? खान्देशातल्या एका कापडगिरणीच्या मालकाला वाटलं की अद्वैत वेदान्ताचा अभ्यास करणाऱ्या तरुणांना पोटापाण्याच्या काळजीतून मोकळं करावं, आणि त्याने ते केलं. घनश्यामदास मलकाणी इथे होते. 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक इथून निघायचं. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य, ज्यांना विसाव्या शतकातले आपले सर्वांत मूलगामी तत्त्वचिंतक म्हणावं लागेल, ते काही काळ इथे संचालक होते. विचार करा, कलकत्त्याचा तो माणूस याच रुळांवरून अंमळनेरला उतरला असेल! मोटारीने नाशिकला जाणाऱ्याच्या वाटेत अंमळनेर येतच नाही. वेळ असेल तर एक गाडी सोडून द्या, तिथे उतरा, बघा, आणि पुढच्या गाडीने जळगाव गाठा. लांबच्या वाटेचा हा फायदा नकाशावर दिसत नाही.

जळगावला गाडी बदलायची. इथे एक व्यवहाराची गोष्ट. दोन गाड्यांच्या मध्ये किमान दीड-दोन तास ठेवा. दोन वेगळी तिकिटं असतात, पहिली गाडी उशिरा आली तर दुसरी तुमच्यासाठी थांबत नाही. जळगावहून नाशिकरोडकडे दिवसभर गाड्या असतात, तेव्हा घाई करून जीव टांगणीला लावू नका. आणि जेवणाचा डबा घरचाच असू द्या. कळण्याची भाकरी आणि ठेचा यांची सर फलाटावरच्या वड्याला नाही.

पुढे पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव, मनमाड. चाळीसगाव सोडलं की जमीन बदलायला लागते, आणि ही गोष्ट डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. आपलं तापीचं खोरं सखल. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या थोडं वर, तर नाशिक सहाशेच्या आसपास. ही चारशे मीटरची चढण गाडी हळूहळू, तुम्हाला न जाणवता चढते. केळी आणि कपाशी मागे पडतात. मनमाडजवळ अंकाई-टंकाईचे किल्ले आणि हडबीची शेंडी हा सुळका दिसतो. मग लासलगाव, कांद्याचा वास खिडकीतून आत येतो. आणि निफाडच्या पुढे-मागे रुळांच्या दोन्ही अंगांना मांडवावर चढवलेल्या द्राक्षवेली दिसू लागतात.

आता प्रश्न विचारा, द्राक्षं इथेच का? आपल्या शहादा-तळोद्याकडे का नाहीत? आपल्याकडे पाणी आहे, काळी जमीन आहे, कष्टाळू माणसं आहेत. उत्तर त्या चारशे मीटरमध्ये आहे, रात्रीच्या थंडीत. द्राक्षाला दिवसा ऊन हवं, म्हणजे साखर भरते. पण वाइनच्या द्राक्षाला नुसती साखर पुरत नाही, आंबटपणाही टिकावा लागतो, आणि तो गार रात्रींमुळे टिकतो. हिवाळ्यात महाराष्ट्रातलं सर्वांत कमी तापमान बहुतेक वेळा निफाडला नोंदलं जातं, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. ती थंडी फार वाढली की बागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, कारण जास्त थंडीने मणी तडकतात. थोडी हवी, फार नको.

इथे एक बातमी सांगून ठेवतो, कारण ती थेट आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. तो धुळ्यावरून जातो आणि नरडाण्याला आपल्या ताप्ती मार्गाला भेटतो. हा जोड पुरा झाला की नंदुरबार-नरडाणा-धुळे-मनमाड-नाशिक असं जाता येईल, जळगावचा वळसा जाईल. आमच्या हयातीत त्यावरून थेट गाडी धावेल का, यावर घरात पैज लागलेली आहे. अंमळनेर मात्र मग वाटेत राहणार नाही.

नाशिकरोडला उतरलात. जुनं नाशिक इथून आठ-दहा किलोमीटर. एकेकाळी या दोघांना जोडणारी ट्राम होती, हे सांगितलं तर नाशिकची तरुण मुलंसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेली, आधी घोड्यांची, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडलेली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी हा प्रवास मोटारीविना जास्त सोपा होता! आज महापालिकेची सिटीलिंक बस आहे, २०२१ पासून. तिने शहरात या. मुक्काम गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या बाजूला धरलात तर मळ्यांच्या दिशेला अर्धी वाट झालेली असते. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, सोमा, यॉर्क या वाइनरी एकमेकींपासून फार लांब नाहीत. उरलेल्या वाटेला रिक्षा करावी लागते. कुणी म्हणेल, रिक्षा मोटार नव्हे का? आहे. आम्ही कर्मठ नाही. मुद्दा पेट्रोल न जाळण्याच्या व्रताचा नाही, मुद्दा चाक आपल्या हातात नसण्याचा आहे. परतीची रिक्षा मात्र आधी ठरवून ठेवा. अंधार पडल्यावर तिथे उभं राहून दुप्पट भाड्याची घासाघीस आम्ही केलेली आहे आणि तिच्यात तत्त्वज्ञान उपयोगी पडत नाही.

आता मळ्यात येऊ. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ, तेव्हा गेलात तर सर्वांत चांगलं. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, पानं गळतात, आणि वसंतात तो जागा होतो. आपल्याकडे वेलाला झोप नाही, कारण त्याला झोपवेल इतका हिवाळाच नाही. म्हणून आपला शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काड्या तयार होतात. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तिच्यातून घड येतात. छाटण्या दोन, पीक एक. थॉमसनसारखी खायची द्राक्षं मोठ्या मण्यांची, पातळ सालीची. वाइनची, म्हणजे शेनिन ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने वगैरे, मणी लहान, साल जाड, बी असलेली. खाऊन बघाल तर म्हणाल, ही कसली द्राक्षं! पण रंग, तुरटपणा, वास सगळं त्या सालीत आणि बीत असतं.

आत टाक्यांच्या खोलीत नेऊन दाखवतात तेव्हा एक गोष्ट नीट विचारून घ्या. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस पिळतात, साल बाजूला काढतात, आणि मग नुसता रस आंबवतात. तांबड्या वाइनसाठी सालीसकट आंबवतात, म्हणून रंग उतरतो. काळ्या द्राक्षाचाही आतला रस बहुतेक पांढराच असतो! आंबवणारे किण्वजीव साखर खातात, अल्कोहोल आणि कर्बवायू सोडतात. हे काम सजीव करतात, ही नुसती रासायनिक खळबळ नाही, हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दाखवलं. त्याआधी हजारो वर्षं माणूस वाइन करत होता, कशी होते ते न कळता. कृती येणं आणि कारण कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला तिथल्या टाकीसमोर उभं राहून पुन्हा पटलं.

द्राक्षांच्या मद्याची ओळख आपल्याला नवी नाही. चरकसंहितेत मदात्यय नावाचा पूर्ण अध्याय आहे, मद्य किती, कुणी, कसं घ्यावं आणि अति झालं की काय होतं याचा. महाराष्ट्रातला आजचा वाइनधंदा मात्र अलीकडचा. १९८० च्या दशकात नारायणगावला सुरुवात झाली, पिंपळगाव बसवंतला प्रयत्न झाले. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क काढलं. विचार असा की द्राक्षाचा भाव पडला तर शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक असावं. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला तो तुम्हाला आठवत असेल.

आणि इथे तो अवघड प्रश्न येतो. नंदुरबारच्या माणसाला तो टाळता येत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये सातपुड्यात पहाटे मोहाची फुलं गळतात. बाया, मुलं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली जातात. फुलं वाळवतात, भाजीत घालतात, भाकरीत घालतात, साठवून पावसाळ्यात खातात. आणि आंबवून, गाळून दारूही करतात. जन्माला, लग्नाला, देवाला, पूर्वजांना ती लागते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणं गुन्हा ठरवला. दारू थांबवायला नव्हे हो, महसूल गोळा करायला! गाळण्याचा हक्क मोठ्या भट्ट्यांचा, विकण्याचा हक्क मक्तेदारांचा. आदिवासी माणसाने स्वतःच्या झाडाच्या फुलाची दारू स्वतः करायची नाही, मक्तेदाराकडून विकत घ्यायची, उधारीवर, आणि उधारीत जमीन द्यायची.

म्हणजे एक फळ आंबवलं तर तो उद्योग, त्याला सवलत, त्याला भौगोलिक मानांकन, त्याला पाहुणे. दुसरं फूल आंबवलं तर पोलीस. तुम्ही म्हणाल, सर, फरक आहे. आहे, आणि तो लपवायचा नाही. वाइन नुसती आंबवलेली असते, तिच्यात अल्कोहोल साधारण बारा-तेरा टक्के. मोहाची ऊर्ध्वपातनाने गाळलेली, कडक, आणि चोरून गाळली की तिच्यात काय मिसळलं याची खात्री नाही. पण चोरून गाळावी लागते ती कायद्यामुळेच ना? आणि कडक दारूच्याच परदेशी बाटल्या परवान्याच्या दुकानात उभ्या असतात. तेव्हा फरक दारूचा कमी आणि दारू करणाऱ्याचा जास्त आहे, असं आमचं मत आहे. नवापूरचं बाक आठवा.

पण म्हणून 'मोहाची दारू ही आमची संस्कृती, तिला हात लावू नका' असं म्हणून सुटता येत नाही. कारण याच मातीतल्या लोकांनी स्वतः ती सोडण्याची चळवळ केली आहे. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात देवीची चळवळ उठली. अंगात येणारी सलाबाई सांगे, दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा. डेव्हिड हार्डिमन यांनी त्यावर अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. आणि आपल्या तळोदा तालुक्यात, मोरवड-रंजनपूरला, १९३० च्या दशकात संत गुलाम महाराजांनी काय केलं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. एकमेकांना 'आप' म्हणा. ज्यांना गावातला सावकार 'ए' म्हणून हाक मारत होता त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं! आणि दारू सोडायची. त्यांच्यामागे बंधू रामदास महाराजांनी ते चालवलं. त्या त्यागात नुसतं पावित्र्य नव्हतं, त्यात हिशोब होता. दारू सोडली की मक्तेदाराचा फास सुटतो. ते सोडणं कुणी वरून लादलेलं नव्हतं, आपणहून होतं, म्हणून त्यात ताकद होती.

आता हे सगळं माहीत असलेल्या माणसाने नाशिकच्या गच्चीवर सूर्यास्त बघत पेला हातात धरायचा का? आमच्या घरी याची दोन उत्तरं आहेत. आमची सौभाग्यवती थेंबही घेत नाही, ती द्राक्षरस पिते आणि आमच्यापेक्षा जास्त मजेत असते. आम्ही अर्धा पेला घेतो. तिचं म्हणणं, गुलाम महाराजांच्या तालुक्यातून आलेल्या बाईला हे शोभत नाही. आमचं म्हणणं, सोडण्याला किंमत असते ती घेण्याची मोकळीक असल्यावरच, आणि ती मोकळीक एकाला आहे, दुसऱ्याला नाही, हे बोललं गेलं पाहिजे. हा वाद वीस वर्षांत मिटलेला नाही. प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये, म्हणजे पानगोष्टीच्या त्या प्रसिद्ध संवादात, पहिलीच गोष्ट काय होते? आदल्या रात्री सगळ्यांनी जास्त घेतलेली असते, म्हणून ठरतं की आज सक्ती नाही, ज्याला जेवढी हवी तेवढी घ्यावी, आणि आपण बोलू या. सगळा संवाद त्या नियमामुळे शक्य होतो. शेवटी इतर आडवे होतात आणि सॉक्रेटिस पहाटे उठून चालत आपल्या कामाला निघून जातो. चालत, बरं का. त्याच्याकडे परवाना तपासायला कुणी नव्हतं.

आणखी एक. आपण ज्याला वीकेंड म्हणतो ती सुट्टी सगळ्यांची नाही. अॅरिस्टॉटल म्हणतो, आपण काम करतो ते सवड मिळावी म्हणून. ग्रीक भाषेत सवडीला 'स्खोले' म्हणतात, 'स्कूल' शब्द त्यातूनच आला. पण अॅरिस्टॉटलच्या सवडीमागे गुलाम राबत होते, हेही तितकंच खरं. आपल्या गाडीच्या खिडकीतून द्राक्षाचे घड विरळणारी जी माणसं दिसतात, त्यांना शनिवार नाही. याच ताप्ती मार्गाच्या उलट दिशेला, दिवाळीनंतर, आपल्या अक्कलकुवा-धडगावची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तोही प्रवासच. सातपुड्यात विसाव्याचा दिवस म्हणजे आठवड्याच्या बाजाराचा दिवस. खरेदी थोडी, भेटीगाठी जास्त. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार तर सणच. त्याला कुणी पर्यटन म्हणत नाही.

रविवार सकाळ मळ्यात घालवू नका, असं आम्ही सुचवू. शहरात या. १८४० मध्ये स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय बाहेरून तरी बघा. पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात उभे राहा, जिथे १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह झाला. गोदेच्या घाटावर बसा, मिसळ खा. हे सगळं पायी होतं. दुपारची गाडी धरा, जळगावला बदला, रात्री उशिरा नंदुरबार.

प्रश्नांना वेळ ठेवली होती, एकच घेऊ. धडगावची एक विद्यार्थिनी मागे बसली आहे, तिने चिठ्ठी पाठवली आहे. सर, आमच्याकडे रेल्वेच नाही, मग आम्ही काय करायचं? ताई, प्रश्न बरोबर आहे. आपल्या सहा तालुक्यांपैकी रेल्वे फक्त नंदुरबार आणि नवापूर या दोघांना. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, चौघांना एसटी. तुम्ही शुक्रवारी दुपारच्या एसटीने नंदुरबारला यायचं, ओळखीच्या घरी रात्र काढायची आणि पहाटेची गाडी धरायची. म्हणजे दोन दिवसांची सहल तुमच्यासाठी तीन दिवसांची होते, आणि परतीला सोमवार सकाळ बुडते. नाहीतर नंदुरबारहून नाशिकची थेट एसटी आहे, ती वळसा घालत नाही. मोटार न काढण्याचा हेतू तिनेही साधतो, अंमळनेर तेवढं हुकतं. ओळखीचं घर नसेल तर व्याख्यान संपल्यावर आम्हाला भेटा, आमचं घर स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.